सवड आणि घोडेस्वार : घरकामातील वेळेच्या भाषेविषयी

घरकाम सांभाळून घोडेस्वारांच्या लहानशा मूर्ती रंगवावयाच्या, तर त्यासाठी वेळ कोठून आणावयाचा, हा प्रश्न प्रथमदर्शनी भाषाभ्यासाच्या कक्षेबाहेरचा वाटेल. परंतु मराठी बोलणारा मनुष्य या प्रश्नाचे उत्तर देऊ लागला, म्हणजे तो ज्या शब्दांचा आणि क्रियारूपांचा आश्रय घेतो, त्यांत घरातील वेळेविषयीची एक विशिष्ट कल्पना गृहीत धरलेली असते. ती कल्पना कोणती, प्रत्यक्ष रंगकामाशी ती कितपत जुळते, आणि तिच्यामुळे कोणाचे श्रम दृष्टीआड होतात, या तीन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम वस्तूविषयी थोडेसे सांगितले पाहिजे. दिवाळीत मुलांनी अंगणात दगडमातीचा किल्ला रचावा, त्यावर मोहरी किंवा हळीव पेरून हिरवळ उगवावी, आणि सिंहासनावर शिवछत्रपतींची मूर्ती बसवून भोवती मावळे, तोफा व घोडेस्वार मांडावे, ही प्रथा महाराष्ट्रात सुपरिचित आहे. हे घोडेस्वार साच्यातून काढलेले, माती किंवा प्लॅस्टरचे, दोन-चार बोटे उंचीचे असतात. पुण्यात कसबा पेठेजवळच्या कुंभारवाड्यासारख्या ठिकाणी ते दिवाळीपूर्वी विक्रीस येतात. त्यांना आकार साचा देतो. पण पगडीचा तांबडा, अंगरख्याचा पांढरा आणि घोड्याचा तपकिरी रंग हातानेच द्यावा लागतो. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. त्यासाठी मुलांचे लाकडी बैल घरोघर पुन्हा रंगविले जातात. ते कामही याच जातीचे. इंग्लंडमध्ये ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून शिशाचे पोकळ सैनिक बाजारात आणले, आणि १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी अशा सैनिकांच्या खेळावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. आज जगभर अठ्ठावीस किंवा चौपन्न मिलिमीटर उंचीच्या मूर्ती घरी बसून रंगविणारे हौशी लोक आहेत. कुंभाराघरी हे काम पोटासाठी चालते आणि हौशी माणसाच्या घरी मनासाठी. परंतु दोन्हीकडे ते चूल, पाणी, मुले आणि झाडलोट यांच्या मधल्या जागेत बसवावे लागते. म्हणून वेळेच्या दृष्टीने दोघांची अडचण एकच आहे.

आता शब्दांकडे वळू. वेळ, सवड, फुरसत, उसंत, फावला वेळ, रिकामा वेळ हे शब्द कोशात शेजारी शेजारी ठेवता आले, तरी वाक्यात ते एकमेकांची जागा घेत नाहीत. ‘या घोड्याला वेळ लागेल’ असे म्हणता येते. ‘या घोड्याला सवड लागेल’ असे म्हणता येत नाही. वेळ हे कामाचे माप आहे, तर सवड ही काम करणाऱ्या माणसाची स्थिती आहे. ही सवड मराठीत दोन प्रकारांनी येते. ‘मला सवड झाली’ या वाक्यात बोलणाऱ्याकडे कर्तेपण नाही. सवड आपण होऊन घडते आणि त्याच्या वाट्याला येते. ‘मी सवड काढली’ या वाक्यात मात्र तो कर्ता होतो. येथे ‘काढणे’ या क्रियापदाची निवड लक्षात घेण्याजोगी आहे. पाणी विहिरीतून काढतात, दूध गाईचे काढतात, कर्ज सावकाराकडून काढतात. जे दुसऱ्या कशाच्या तरी पोटात आहे, ते बाहेर आणणे म्हणजे काढणे. तेव्हा सवड ही दिवसात कोठेतरी मोकळी पडलेली वस्तू नसून ती इतर कामांच्या पोटातून ओढून आणावी लागते, हे भाषेने आधीच मान्य केलेले आहे.

फुरसत हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. त्याचा मूळ अर्थ संधी असा आहे. फावणे या देशी क्रियापदाचा भावही तोच. ‘त्याचे फावले’ म्हणजे त्याला अनुकूल संधी मिळाली. आणि अशा रीतीने वाट्याला आलेला तो फावला वेळ. उसंत बहुधा नकारातच भेटते. उसंत नाही असे सांगणारे पुष्कळ. उसंत आहे असे सहसा कोणी सांगत नाही. रिकामा या शब्दावर तर सरळ दोषारोपच आहे. रिकामटेकडा ही शिवी आहे, आणि रिकाम्या न्हाव्याने भिंतीला तुंबड्या लावल्याची म्हण सर्वांस ठाऊक आहे. म्हणजे निष्कारण, नेटके, बारीक हस्तकाम करणाऱ्याला जो शब्द सर्वांत सहज लावला जातो, तोच त्याची निंदा करणारा आहे. मूर्ती रंगविणाऱ्या हौशी गृहस्थाला किंवा गृहिणीला आपल्या छंदाचे समर्थन का करावे लागते, याचे एक कारण येथे सापडते.

नामांवरून क्रियारूपांकडे आले, म्हणजे घरातल्या वेळेची रचना अधिक स्पष्ट होते. घरातील वेळ घड्याळाने मोजला जात नाही. एका कामाचा वेळ दुसऱ्या कामाने मोजला जातो. ‘भात शिजेपर्यंत’, ‘कुकरच्या तीन शिट्ट्या होईतो’, ‘बाळ उठायच्या आत’ ही सर्व मापेच आहेत. त्याचप्रमाणे ‘येता जाता’, ‘बसल्या बसल्या’, ‘हातासरशी’, ‘वरण शिजता शिजता’ या प्रयोगांत एक क्रिया दुसरीच्या कडेला बसविलेली असते. धातूला ‘ता’ लावून त्याची द्विरुक्ती केली, की दोन कामांना एकच अवकाश पुरतो. ज्या भाषेत असे प्रयोग रोजच्या वापरात आहेत, तिला घरकामाचे स्वरूप चांगले कळलेले आहे, असे म्हटले पाहिजे. मात्र यांतील मुख्य क्रिया कोणती आणि कडेची कोणती, हे व्याकरणच ठरवून टाकते. ‘वरण शिजता शिजता घोडे रंगविले’ असे आपण म्हणतो; ‘घोडे रंगविता रंगविता वरण शिजविले’ असे म्हटले, की ऐकणाऱ्याला वरण करपल्याचा संशय येतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुससारख्या गावी या मापात आणखी एका मापाची भर पडते. वर्धा नदीजवळच्या या गावाचे जीवन कोळशाच्या खाणी आणि सिमेंट-लोखंडाचे कारखाने यांच्याशी बांधलेले आहे. खाणीतील काम पाळ्यांनी चालते. पाळी या शब्दाचा मूळ भाव क्रम किंवा वारी असा; येथे मात्र तो घरातील प्रत्येकाचे जेवण, झोप आणि शांतता ठरवितो. घरातील एक मनुष्य रात्रपाळी करून सकाळी आला, की दुपारपर्यंत घरात आवाज करावयाचा नसतो. भांडी घासता येत नाहीत, मुलांना बाहेर पाठवावे लागते. ही सक्तीची शांतता रंगकामाला मात्र सोयीची पडते. उलट पहिल्या पाळीच्या आठवड्यात पहाटेपासून डबा, पाणी आणि शाळा यांची घाई असते, आणि तीच दुपार दुसऱ्याच कामांनी भरून जाते. म्हणजे येथील सवड रोजची नसून पाळीबरोबर फिरणारी आहे. ‘रोज अर्धा तास द्यावा’ हा उपदेश अशा घरी टिकत नाही; ‘या पाळीला हे काम’ अशी वाटणी टिकते.

या भागाच्या बोलीत आणखी एक रूप आहे, त्याचीही येथे नोंद घ्यावयास हवी. प्रमाण मराठीत ‘ती घोडे रंगवीत आहे’ असे जे सांगतात, तेच वऱ्हाडी-नागपुरी बोलीत ‘ते घोडे रंगवून राहिली’ असे सांगतात. ग्रीअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) या दोन्ही बोलींचे वर्णन आले आहे, आणि ‘करून राहिला’ ही चालू काळाची रचना आजही विदर्भीय बोलण्याची ओळख मानली जाते. प्रमाण भाषेत ‘रंगवीत राहिली’ म्हटले, तर तीत हट्टाची किंवा सातत्याची छटा येते. ‘रंगवत बसली’ म्हटले, तर दुसरे काम टाकून बसल्याचा ठपका येतो. ‘रंगवून राहिली’ या रूपात हट्टही नाही आणि ठपकाही नाही. काम चालले आहे, एवढेच ते सांगते. घरात बसून केलेल्या बारीक कामाचा निर्मळ उल्लेख करावयाचा, तर बोलीचे हे रूप प्रमाण रूपांपेक्षा अधिक न्याय्य ठरते.

आता भाषेने आखलेल्या या वेळेशी रंगकाम कितपत जुळते, ते पाहू. एक घोडेस्वार पुरा करण्यात साधारणपणे पुढील टप्पे येतात. साच्याची शिवण घासून काढणे, सबंध मूर्तीवर पांढरा हात देणे, घोड्याचे अंग, स्वाराचे कपडे, खोगीर, लगाम व रिकीब, आणि शेवटी चेहरा व डोळे. रंगाच्या थराला मराठीत ‘हात’ म्हणतात, हेही सूचक आहे. प्रत्येक हातानंतर वाळण्यासाठी थांबावे लागते. ॲक्रिलिक रंगाचा पातळ हात दहा-वीस मिनिटांत वाळतो. तैलरंगाला कित्येक दिवस लागतात. कामाचा मोठा भाग असा थांबण्याचा असल्यामुळेच ते घरकामात मिसळू शकते. पांढरा हात दिला आणि कणीक मळावयास घेतली, तर दोहोंपैकी कशाचेच नुकसान होत नाही. शिवण घासणे तर बसल्या बसल्या, गप्पा मारतानाही होते.

परंतु सर्वच टप्पे असे नाहीत. लगामाची रेघ आणि डोळ्याचा ठिपका यांना हात स्थिर लागतो, आणि मध्ये हाक आली तर रेघ वाकडी जाते. मिसळून तयार केलेला रंगही वाट पाहत नाही. चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. तेव्हा रंग मूर्तीवर पोचण्याआधी कुंचल्यावरच सुकू लागतो, आणि ओल्या रंगावर बसलेली कोळशाची धूळ पुन्हा निघत नाही. म्हणून सवडीचे दोन प्रकार मानावे लागतात. तुटक सवड ही शिजता शिजता मिळते. तीत घासणे, पांढरा हात आणि अंगरंग ही कामे होतात. अखंड सवड निराळीच; ती पंधराच मिनिटांची असली तरी चालेल, पण मध्ये मोडणारी नसावी. तिला मराठीत ‘निवांत’ हा चांगला शब्द आहे. पुष्कळ वेळ मिळूनही मूर्ती पुऱ्या होत नाहीत, याचे कारण बहुधा वेळाची कमतरता हे नसून तुटक सवडीत निवांत काम आणि निवांत सवडीत तुटक काम केले जाणे, हे असते.

यावर कारागिरांची रीत अशी, की एक एक मूर्ती पुरी न करता एक एक रंग पुरा करावयाचा. घोड्यांच्या रंगांची जुनी नावे येथे केवळ शोभेची राहत नाहीत, ती कामाची वाटणी करून देतात. कुमेत म्हणजे तांबूस तपकिरी, मुश्की म्हणजे कस्तुरीसारखा काळा, नुकरा म्हणजे रुप्यासारखा पांढरा. हे एकरंगी घोडे तुटक सवडीत होतात. अबलख म्हणजे दोन रंगांच्या मोठ्या डागांचा, आणि पंचकल्याणी म्हणजे चारही पाय व तोंड पांढरे असलेला. यांना रंगांच्या कडा सांभाळाव्या लागतात, म्हणून ते निवांत वेळेसाठी राखून ठेवावे. पहिल्या चार नावांचे मूळ अरबी-फारसी आहे, पाचव्याचे संस्कृत. परंतु पागेतील मनुष्य या नावांनी घोडा ओळखत असे, तसाच रंगविणारा आज या नावांनी आपला दिवस वाटून घेऊ शकतो.

येथपर्यंत झालेला विचार सोयीचा होता. यापुढचा न्यायाचा आहे. कुंभाराच्या घरी साचा भरण्याचे आणि भट्टीचे काम ‘धंदा’ म्हणून ओळखले जाते. रंग देणाऱ्या घरातील स्त्रीचे काम मात्र ‘फावल्या वेळचे’ ठरते, कारण ती ते स्वयंपाकाच्या कडेने करते. मागे पाहिलेले व्याकरण येथे हिशेबात उतरते. जी क्रिया वाक्यात कडेला बसते, ती मोजणीतही कडेलाच बसते. १९८१ पासूनच्या जनगणनांत वर्षातून सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ काम करणारा तो मुख्य काम करणारा, आणि त्याहून कमी काळ काम करणारा तो सीमांतिक, अशी विभागणी आहे. दिवाळीपूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत शेकडो घोडेस्वार रंगविणारी स्त्री फार तर सीमेवर उभी राहते. ‘माझे काय, मी आपली फावल्या वेळी करते’ असे तिने स्वतःच सांगितले, तर ती सीमेबाहेरही जाते.

केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशव्यापी कालविनियोग सर्वेक्षण केले. त्यात घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात, असे आढळले. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. या सर्वेक्षणाने घरकाम मोजले, ही मोठीच गोष्ट होय. परंतु त्याची पद्धत दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे भाग पाडण्याची आहे, आणि दहा मिनिटांहून कमी चाललेली कृती त्यात वेगळी धरली जात नाही. तुटक सवड तर बहुधा याहून लहान असते. दोन शिट्ट्यांमध्ये दिलेले चार घोड्यांचे अंगरंग अशा चाळणीतून सहज गळून जातात. ते वेळेने मोजता येत नाहीत. वाळत ठेवलेल्या मूर्तींनीच मोजावे लागतात. म्हणून अशा कामाची मजुरी ठरविताना ‘किती वेळ बसलात’ हे विचारण्यापेक्षा ‘किती हात दिले’ हे विचारणे अधिक योग्य होय.

स्वारांच्या जुन्या परिभाषेत या भेदाला एक बोलके उदाहरण आहे. ज्याचे घोडे आणि हत्यार स्वतःचे, तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे, तो बारगीर. लढत दोघेही, पण बारगिराच्या घोड्यावर हक्क पागेचा. घरात रंगकाम करणारी व्यक्ती बहुधा बारगीर असते. तिचा वेळ घराच्या पागेतला असतो आणि हाक आली की परत करावा लागतो. ज्याला खोलीचे दार लावून बसता येते, तो वेळेचा शिलेदार. सभासदाच्या बखरीत शिवकालीन पागेची जी व्यवस्था सांगितली आहे, तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि पंचवीस घोड्यांमागे पाणी देण्यास पखालजी व नाल ठोकण्यास नालबंद असे. म्हणजे घोडदळालाही घरकाम होतेच, आणि ते करणाऱ्याची नोंद व्यवस्थेत मुख्य अंग म्हणून होती. त्यालाही काम मध्ये मध्येच करावे लागत असेल. पण म्हणून कोणी नाल ठोकणे हे फावल्या वेळचे काम मानले नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर पखालजी आणि नालबंद मांडलेले क्वचितच दिसतात. ज्या हाताने स्वार रंगतात तो हातही असाच दिसत नाही.

या सर्व विवेचनातून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला असा की, सवड वाढविण्याआधी मांडणी आणि आवरणे यांत जाणारा वेळ कमी करावा. एका ताटात मूर्ती, दोन कुंचले, पाण्याची वाटी आणि वर उपडी घालण्यास एक खोका एवढे कायम तयार ठेवले, तर पाच मिनिटांची सवडही वाया जात नाही, आणि धूळही बसत नाही. दुसरा असा की, टप्पे रंगांनुसार पाडावे आणि तुटक व निवांत अशी त्यांची विभागणी आधीच करून ठेवावी. पंचवीस बारगिरांची एक तुकडी हे जुने माप यासाठी आजही सोयीचे आहे. तिसरा असा की, आठवड्यातून एकदा तरी पंधरा मिनिटांची निवांत सवड घरातील इतरांकडून मागून घ्यावी. ती ‘होईल’ म्हणून वाट पाहू नये, आणि एकट्याने ‘काढावी’ असेही नाही. ती घराने ‘द्यावी’. सवड देणे हा प्रयोग मराठीत शुद्धच आहे. आपण तो ऋणकोच्या आणि विद्यार्थ्याच्या बाबतीत वापरतो, घरातल्या माणसाच्या बाबतीत क्वचित वापरतो, एवढेच.

शेवटची सूचना भाषेपुरती आहे. कोणी घोडे रंगवून राहिली असेल, तर ती रंगवत बसली आहे असे म्हणू नये. एका सहायक क्रियापदाच्या फरकाने कोणाचे काम कमी होणार नाही, हे खरे. पण ते काम आहे, एवढे तरी कबूल होईल. जे कामच मानले जात नाही, त्यासाठी वेळ मागणाऱ्याच्या मागणीला घरात किंवा बाजारात उत्तर मिळत नाही. म्हणून मजुरीचा आणि सवडीचा प्रश्न सुटावयाचा, तर त्याची सुरुवात या कबुलीपासूनच करावी लागेल.